खड्डा मोजायचा की गाडी?

देसाई, सेक्रेटरी (२०३): नमस्कार मंडळी. जुनी बिल्डिंग पाडून आपण सगळे भाड्याने राहतोय; आता नव्या बिल्डिंगच्या पायासाठी खोदाईची तीन कोटेशन्स आली आहेत, पीडीएफ वर टाकलीत. ज्यांच्या फोनवर उघडत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिला १३५० रुपये ब्रास (म्हणजे १०० घनफूट), माती उचलून नेण्यासकट. दुसरा १६०० रुपये ब्रास, तोही नेण्यासकट. तिसरा एकरकमी पावणेसहा लाख. खड्डा ६५ बाय ६० फूट, खोली १० फूट. रविवारी ठराव घ्यायचाय, काय ते आधी इथे बोला. गुड मॉर्निंगची फुलं कृपया दुसऱ्या ग्रुपवर.

म्हात्रे (२०१): यात बोलायचंय काय? १३५० वाला घ्या. माझ्या साडूच्या बिल्डिंगचं काम त्यानेच केलंय.

शेट्ये, खजिनदार (३०१): ६५ गुणिले ६० गुणिले १० म्हणजे ३९,००० घनफूट, ३९० ब्रास. ब्रासमागे २५० वाचले तर ९७,५०० होतात. तेवढ्यात एका महिन्याची दोन-तीन घरांची भाडी निघतील. माझं मत १३५०.

नाईक काका (१०२): शेट्ये, गुणाकार बरोबर आहे. पण ब्रास कुठला? पहिल्या कोटेशनचं दुसरं पान बघा, अगदी खाली: "मोजमाप गाडीप्रमाणे". दुसऱ्यात लिहिलंय "मोजमाप खड्ड्याप्रमाणे". सगळा खेळ तिथेच आहे.

शेट्ये, खजिनदार (३०१): माती तीच ना काका?

नाईक काका (१०२): तीच, पण फुगलेली. कुंडीतली घट्ट बसलेली माती उकरा आणि परत भरा, मावते का बघा. जमिनीत दाबून बसलेली माती एकदा खणली की मोकळी होते. आपल्या मातीला मी ३० टक्के धरतो. कातळ फोडला तर याहून पुष्कळ जास्त. म्हणजे खड्ड्यात ३९० ब्रास, गाडीत ५०७. आता करा गुणाकार.

शेट्ये, खजिनदार (३०१): ५०७ × १३५० = ६,८४,४५०
३९० × १६०० = ६,२४,०००
अरे देवा. स्वस्तवाला साठ हजारांनी महाग.

पल्लवी कदम (३०४): आणि गाडी किती ब्रासची हे कोण ठरवणार? ड्रायव्हर?

नाईक काका (१०२): बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. आमच्या एका साइटवर कंत्राटदार प्रत्येक हायवा डंपर सहा ब्रासचा म्हणून लावायचा. एक दिवस मी स्वतः वर चढून टेप लावली. आतून लांबी १४ फूट, रुंदी ७, उंची ५. झाले ४९० घनफूट, पाच ब्राससुद्धा नाही. तर म्हणे, "साहेब, वर शीग असते." शीग गेटपर्यंत असते, पुढे रस्त्यावर सांडते. त्याहून मजा खाली होती. गाडीच्या तळाला मागच्या खेपेची काळी चिकणमाती वीतभर चिकटून राहिलेली. ती उतरतच नव्हती, तशीच परत यायची. दिवसाला दहा खेपा, आणि तीच माती आम्ही दहा वेळा विकत घेत होतो. वॉचमन बिचारा इमानेइतबारे पत्र्यावर खडूने रेघा मारत होता. रेघा अगदी बरोबर होत्या.

म्हात्रे (२०१): म्हणजे माझ्या साडूची बिल्डिंग बुडाली का? उगाच कुणालाही चोर ठरवू नका.

नाईक काका (१०२): चोर कोण म्हणतंय म्हात्रे? गाडीवर मोजायचा करार केला तर तो गाडीवरच मोजणार. चूक सही करणाऱ्याची. त्यालाच सांगा खड्ड्यावर दर दे. दिला तर माझी काही हरकत नाही.

पल्लवी कदम (३०४): तिसऱ्याचं पूर्ण वाचलं. "कडक लागल्यास ब्रेकर तासावर वेगळा. पाण्याचा उपसा सोसायटीकडे. माती टाकण्याची जागा सोसायटीने दाखवावी." याला एकरकमी म्हणतात? ही तर नुसती एंट्री फी झाली 😄

शेट्ये, खजिनदार (३०१): पण कडक लागणारच नाही ना? सॉइल रिपोर्टमध्ये कातळ सहा मीटरला आहे, आपण तीनच मीटर जातोय.

नाईक काका (१०२): कातळ नाही, आपलीच जुनी बिल्डिंग लागेल. पाडणाऱ्याने प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, पाडून पैसे घेतले. जुनी फूटिंग्ज, म्हणजे खांबांखालचे पाये, अजून जमिनीतच आहेत. ती फोडायला ब्रेकर लागणारच. म्हणून ब्रेकरचा तासाचा दर आत्ताच लिहून घ्या, आणि तास आपल्या पीएमसीचा (प्रोजेक्ट सल्लागाराचा) माणूस लिहील, ऑपरेटर नाही. खोदाईच्या आधी कोपऱ्याकोपऱ्यावर जमिनीची लेव्हल घ्या, खणून झाल्यावर परत घ्या, दोन्ही वेळा दोघांच्या सह्या. बिल त्यावरच.

पल्लवी कदम (३०४): माती जाणार कुठे हे कुणीच लिहिलेलं नाही. मुलुंड पूर्वेला राहून हे विचारायला नको खरं तर. रात्री खाडीकडे जाणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. तिवरांपासून ५० मीटरपर्यंत भराव करायचा नाही असं हायकोर्टाने २०१८ साली सांगितलंय. उद्या गाडी पकडली तर चलनावर नाव आपल्या सोसायटीचं.

देसाई, सेक्रेटरी (२०३): टाकीन ते कलम. गाडीगणिक पास आणि माती उतरवल्याची पावती, त्याशिवाय बिल पास नाही.

शेट्ये, खजिनदार (३०१): मातीची सरकारी रॉयल्टी कोण भरणार?

देसाई, सेक्रेटरी (२०३): जी माती आपल्याच प्लॉटवर परत भरू तिच्यावर रॉयल्टी नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे. बाहेर जाणाऱ्या मातीची परवानगी कंत्राटदाराने काढायची, पावती आपल्या नावावर. आणि शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलचे फोटो तारखेसकट काढून ठेवतोय, त्यांच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊन.

नाईक काका (१०२): नुसते फोटो नकोत. भिंतीला आहेत त्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा. भेग हलली की काच तडकते, मग वाद राहत नाही. त्या बाजूला एकदम सगळं उघडायचं नाही, कप्प्याकप्प्याने खणायचं. आणि पंप बेताने. आपण पाणी खेचलं की त्यांच्या पायाखालचंही खेचलं जातं.

म्हात्रे (२०१): एवढं सगळं करत बसलात तर पावसाळा उजाडेल.

नाईक काका (१०२): हे मात्र खरं. पाऊस ११ जूनच्या आसपास येतो म्हणतात, तेव्हा खड्डा उघडा असेल तर तळं होईल. मग पालिकेची डासांची नोटीस वेगळी. मेअखेर पीसीसी, म्हणजे तळाचं काँक्रीट, पडलंच पाहिजे.

देसाई, सेक्रेटरी (२०३): एक सांगायचं राहिलं. पहिल्याने आणि तिसऱ्याने फोनवरच रेट दिले. दुसरा काल साइटवर येऊन दोन तास फिरला. जाताना म्हणाला, "मागच्या कोपऱ्यात जमीन ताटलीसारखी बसलीय, तिथे विहीर होती का?" मी म्हटलं नाही बुवा.

नाईक काका (१०२): माती तपासायचे बोअर कुठे घेतलेत? त्या कोपऱ्यात एकही नाही. कुणाला माहीत असेल?

लेले काकू (००३): मी ओम, आजी सांगतेय, टाइप मी करतोय. विहीर होती. १९७४ साली आम्ही राहायला आलो तेव्हा बुजवत होते. राबीट (पाडकामाचा कचरा) टाकलं, वर माती. रहाटाचा एक खांब कितीतरी वर्षं तसाच होता, त्याला मी वाळत घालायची दोरी बांधायचे. त्या जागची लादी दर दोन वर्षांनी बसायची आणि कमिटी मलाच बोलायची, काकू तिथे धुणं धुतात म्हणून.

नाईक काका (१०२): काकू, पन्नास वर्षं बोलला का नाहीत!

लेले काकू (००३): आजी म्हणते, कुणी विचारलंच नाही.

नाईक काका (१०२): देसाई, स्ट्रक्चरल इंजिनियरना आत्ताच कळवा. तिथे एक बोअर घ्यावाच लागेल. राबीट भरलेल्या विहिरीवर फूटिंग बसवता येत नाही. ते होईपर्यंत कुठल्याच कागदावर सही नको, १६०० वाल्याच्यासुद्धा.

म्हात्रे (२०१): ठीक आहे. मी १३५० वाल्याला खड्ड्यावरचा दर मागतो. साइट बघायला पण बोलावतो.

देसाई, सेक्रेटरी (२०३): काकू, शनिवारी सकाळी येऊ शकाल का? ऐरोलीहून रिक्षा करून आणतो, साइटवर खुर्ची ठेवतो.

लेले काकू (००३): आजी येते म्हणाली. पण सगळं पाडलंय तर जागा कशी ओळखू? मागचा नारळ आहे का अजून?

देसाई, सेक्रेटरी (२०३): आहे काकू. तो तोडायची परवानगी अजून यायचीय.

लेले काकू (००३): मग झालं. नारळापासून भिंतीकडे आठ पावलं. तेव्हाची माझी पावलं हां, आताची नव्हे.