मदत हवी आहे: एक्झॉस्ट पाइप मोठा केला, तरी चढावर तापमान वाढतंय

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असलेल्या डिझेल इंजिनाचा टर्बोनंतरचा २.५ इंची एक्झॉस्ट पाइप, म्हणजे धूर बाहेर नेणारा, काढून ३ इंची बसवला. आतलं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं. सपाटीवर गाडी मोकळी पळते, पण चढ लागला की टर्बोच्या आधी लावलेला तापमानाचा काटा ७०० अंशांपुढे सरकतो आणि मागे काळा धूर. ट्यूनिंगला (डिझेल किती सोडायचं त्या सेटिंगला) हात लावलेला नाही, शपथेवर!

टर्बोलगतच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळलीय. वायू गरम राहिला की वेगही टिकतो, हे ठीक. पण काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी ना? काल एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटपाशी, म्हणजे सांध्यातल्या सीलपाशी, बोटभर काजळीचा डाग दिसला. टर्बोला मिळणारा दाब तिथूनच निसटत असेल का? आधी गॅस्केट बदलू, की इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज तपासून बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मोजू?