इंद्रायणी चिकट, मग आयोडीननं निळाकाळा का झाला?

मावळची सून
आमची खाचरं मावळात, घरात खायला इंद्रायणीच. लेक अकरावीला आहे. तिनं वाचलं की चिकट तांदळात अमायलोज, म्हणजे पिष्टातली ग्लुकोजची सरळ साखळी, नसतं आणि आयोडीननं तो लालसर होतो. आम्ही ब्लेडनं दाणा आडवा कापला, टिंक्चर आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलं आणि एक थेंब सोडला. कापलेली बाजू निळीकाळी! शेजारी कोलम ठेवला होता, तोही तसाच. मग एकाचा भात मऊ नि दाण्याला दाणा धरणारा, दुसऱ्याचा मोकळा, असं का? दोघांचंही पाणी मी मापानंच घालते.

भातबीज
ताई, तुमचा प्रयोग बरोबर आलाय. घोटाळा 'चिकट' या शब्दाचा आहे. अमायलोज अजिबात नसलेला तांदूळ वेगळा आणि आपला मऊ भात वेगळा. अमायलोज कमी असलं की भात मऊ नि धरून राहणारा, जास्त असलं की मोकळा.

दाण्यात अमायलोज बनवायचं काम जीबीएसएस-१ हे एकच विकर (एन्झाइम) करतं. सहाव्या गुणसूत्रावरच्या 'वॅक्सी' जनुकात त्याची कृती लिहिलेली असते. ६०९ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. तिची पहिली ७७ म्हणजे पिष्टकणाच्या कोठीत शिरायचा परवाना, आत गेल्यावर तो कापला जातो. उरलेल्या प्रथिनाचे दोन गोळे आणि मधे खाच. त्या खाचेत एडीपी-ग्लुकोज, म्हणजे जोडायला तयार केलेलं ग्लुकोज, बसतं आणि त्यातलं ग्लुकोज साखळीला जोडलं जातं. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी भाताच्या या विकराची स्फटिकरचना मांडली. मी ती पहिल्यांदा पडद्यावर फिरवून पाहिली तेव्हा कितीतरी वेळ त्या खाचेवरून नजर हटेना.

खरी गंमत जनुकाच्या आवृत्त्यांत आहे. जपानी भातांत पहिल्या इंट्रॉनच्या (संदेशातून कापून टाकायच्या तुकड्याच्या) तोंडाशी 'जी'च्या जागी 'टी' आहे. त्या एका अक्षरामुळे संदेशाची कापणी नीट होत नाही. विकर चांगलंच असतं, पण थोडं बनतं. दुसऱ्या एका आवृत्तीत २२४व्या जागी टायरोसिनऐवजी सेरिन येतं, तिथे विकराचा जोर कमी पडतो. तिसरीत २३ अक्षरं दोनदा लिहिली गेली आहेत, त्यामुळे पुढचं सगळं वाचनच चुकतं आणि अमायलोज शून्य. लाल रंग फक्त या शेवटच्या प्रकारात दिसतो. बाकी अमायलोज १५ टक्के असो की २८, डोळ्यांना दोन्ही निळेच.

इंद्रायणी हा आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर, वडगाव मावळच्याच केंद्रातला. आयआर-८ भरपूर अमायलोजचा, त्याचा भात गार झाला की टणक. हे दोन आईबाप एका दाण्यात आले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जोरहाटहून
इथे आसामात बोरा चाऊल मिळतो. कच्चा दाणा कोलमसारखा अर्धपारदर्शक नाही, दुधासारखा पांढरा. आयोडीन टाकलं की कापलेली बाजू विटकरी तांबडी होते. पण त्याच रोपाच्या पानातल्या पिष्टात अमायलोज असतं, कारण पानात जीबीएसएस-२ हे भावंड काम करतं.

मावळची सून
सासूबाई म्हणतात, नवा तांदूळ गचका होतो, वर्षभर ठेवला की मोकळा. म्हणजे कणगीतही हे विकर चालूच राहतं का?

भातबीज
नाही. ते पिष्टकणात अडकून असतं, पण सुकलेल्या दाण्यात नवं अमायलोज बनत नाही. साठवणीत प्रथिनांचे आपसातले बंध वाढतात, म्हणून शिजताना दाणा फुगतो पण फुटत नाही. सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, फक्त कारण दुसरं.

फरक बघायचाच असेल तर दोन्ही तांदळांचं प्रत्येकी १०० मिलिग्रॅम पीठ घ्या. त्यात आधी १ मिली अल्कोहोल, मग ९ मिली एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार झाल्यावर पाणी घालून १०० मिली करा. त्यातले ५ मिली घेऊन त्यात १ मिली एक नॉर्मल ॲसेटिक आम्ल, २ मिली आयोडीन आणि पाणी घालून पुन्हा १०० मिली करा. वीस मिनिटांनी ६२० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजा, अमायलोज जास्त तर आकडा जास्त. सोडियम हायड्रॉक्साइड अंगावर उडालं तर भाजतं, तेव्हा लेकीला सरांच्या देखरेखीखालीच करू द्या.

मावळची सून
दोन्ही तांदूळ धुऊन वाळत घातलेत. उद्या दळते, सोमवारी ती कॉलेजात घेऊन जाईल. आकडे आले की इथेच लिहिते.