दीड किलोमीटरसाठी एवढे नियम?

प्रश्न: रस्त्याने माझ्या शेताचे दोन तुकडे झालेत. एकातून दुसऱ्यात ट्रॅक्टर न्यायला जेमतेम दीड किलोमीटर. तेवढ्यासाठी परवाना, दिवे, परावर्तक... ऐन पेरणीत हे कसं जमवायचं? शेतकऱ्याला सूट नको का?

उत्तर १: कागदपत्रांत सूट मागा, मीही मागतो. दिव्यांत नको. मागची गाडी ताशी ८० ने, तुम्ही २० ने. मधलं १०० मीटर अंतर ६ सेकंदांत संपतं. ट्रॅक्टरमागचा नारिंगी त्रिकोण १९६० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात याचसाठी तयार झाला.

उत्तर २: आणि ब्रेक! शेतात वळायला डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकचे दोन्ही पेडल सुटे ठेवतो आपण. रस्त्यावर चढण्याआधी ते खिळीने एकमेकांत अडकवा. मी एकदा विसरलो. पाय नुसत्या उजव्या पेडलवर पडला आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा झाला. समोर कोणी नव्हतं म्हणून वाचलो. आता बांधावरच थांबून खीळ हाताने चाचपतो.

प्रश्नकर्ता: हे पटलं. मागचा पांढरा कामाचा दिवा लावला तर चालेल?

उत्तर १: अजिबात नको. मागच्याला वाटतं, गाडी समोरून येतेय. मागे लालच हवा.