मदत हवी आहे: कुंभार्ली घाटात गाडी ओढत नाही, स्वस्तात काही होईल का?

वेळणेश्वरी
गाडी घाटात अजिबात ओढत नाही. पोफळी सोडली की दुसऱ्या गिअरवर, दोन वळणांनी पहिल्यावर. परवा मागून आलेला चिऱ्याचा ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. मेकॅनिक इंजिन उतरवायला सांगतोय, पंचवीस हजार. रविवारी आईला कराडला न्यायचंय. हजार-दोन हजारांत पिकअप वाढेल असं काही? 'नवी गाडी घ्या' हा सल्ला नको.

मालवणी_खाजा
गाडी खयची, किती वर्सांची, पेट्रोल काय डिझेल, काय्येक सांगूक नाय. आमी हयसून नाडी बघुची?

वेळणेश्वरी
पेट्रोल, 2012ची, 1000 सीसी. कंपनी सांगत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरूनच मारामारी झाली होती.

गिअरबदलू
माणसं किती होती? एसी चालू होता? छोट्या इंजिनाला चढावर एसी बंद केला की लगेच फरक कळतो. आणि महत्त्वाचं, रेस वाढते पण वेग वाढत नाही असं होतं का? होत असेल तर क्लच घसरतोय. मग बाकीचे उपाय वाया.

टर्बोभाऊ
एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवा! मी बसवलाय. आवाजच बदलून जातो.

गिअरबदलू
आवाजच बदलतो, बाकी काही नाही. बॉनेटखालची गरम हवा ओढतो तो. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद उलट कमी. साधा कागदी फिल्टर बदला, प्लग काढून बघा, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच भरा.

टर्बोभाऊ
नायट्रोजन भरा मग.

गिअरबदलू
साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो हो. राहिलेल्यासाठी पैसे कशाला?

ऑक्टेन_आजोबा
मी महागडं पेट्रोल टाकतो, गाडी पळते.

सुपारीबाग
आजोबा, महागड्या पेट्रोलमध्ये ऑक्टेन जास्त, त्याने इंजिन ठोकत नाही, इतकंच. त्या इंजिनाला गरजच नसेल तर ताकद येणार कुठून? हां, आताच्या ई-20 मध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा मिळते आणि ते ओल धरतं. 2012च्या गाडीसाठी हा मुद्दा आहे. पण त्याने पहिल्या गिअरवर यायची वेळ नाही येणार.

ऑक्टेन_आजोबा
माझी फियाट 1978 साली आंबोली घाट तिसऱ्यावर चढली होती, चार माणसं आणि दोन आंब्याच्या पेट्या घेऊन.

मालवणी_खाजा
पेट्यो हापूसच्यो काय पायरीच्यो?

नारळीपौर्णिमा
विषयाला धरून एक विचारते. गाडी असते कुठे? समुद्राजवळ? हँडब्रेक लावून?

वेळणेश्वरी
घरामागच्या मांगरात, सुपारी वाळवून ठेवतो तिथे. हँडब्रेक लावूनच. जूनपासून गणपतीपर्यंत हललीच नव्हती.

गिअरबदलू
हे आत्ता सांगताय?!

नारळीपौर्णिमा
वाटलंच. खारी हवा आणि पाऊस, मागच्या ब्रेकचे ड्रम गंजतात, ब्रेक शू चिकटून राहतात. आमच्याकडे दर वर्षी कुणाचं तरी हेच. सपाटीवर न्यूट्रलला टाकून ढकलून बघा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा आणि चाकाजवळ हात धरा. लावू नका, भाजेल. एकच चाक तापलं असेल तर चोर सापडला. यापुढे उभी करताना पहिला गिअर टाकायचा, चाकाला दगड लावायचा, हँडब्रेक नको. आणि एअर फिल्टरचा डबा आधी उघडा. सुपारीजवळ उभी म्हणजे उंदीर आलेच.

कोकणकडा
कुंभार्लीपेक्षा आंबा घाटाने जा, रस्ता छान आहे.

गिअरबदलू
वेळणेश्वरहून कराडला आंबा घाटाने?!

कोकणकडा
मी रत्नागिरीहून जातो.

वेळणेश्वरी
अपडेट. डबा उघडला. चार क्लिपा, पाच मिनिटांचं काम. आत काथ्या, सुपारीची सालं आणि आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा, जो ती श्रावणापासून शोधत होती. इतका दाबून भरला होता की बोटाने खरवडून काढावा लागला. फिल्टरला रुपयाएवढं भोक. नवा 280 रुपयांना मिळाला. सपाटीवर गाडी बरीच मोकळी झाली. पण शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो तर मागचं डावं चाक तापलेलं, जळका वासही येतोय. उद्या ड्रम उघडून घेतो. दुसऱ्या मेकॅनिककडे.

नारळीपौर्णिमा
वायरी कुरतडल्यात का तेही बघायला सांगा. आणि ब्रेकचं काम पुरं झाल्याशिवाय आईला घाटात नेऊ नका. चढणं एकवेळ राहू दे, परत उतरायचंही आहे. नाहीच झालं तर चिपळूणहून कराडला एसटी आहेच.

मालवणी_खाजा
उंदरान चार म्हयने भाडा दिल्याशिवाय ऱ्हवान घेतल्यान, आणि इंजिन उतरवक निघाले!

टर्बोभाऊ
कोन फिल्टर असता तर डबाच नसता. उंदीर राहिला कुठे असता?