सीबीडी तेल कोणी वापरलंय का? माझ्या कंबरेसाठी आणि आईच्या गुडघ्यांसाठी विचारून राहिलो

मनीषनगरचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या मिहानमधे नाइट शिफ्ट करतो, ६ वर्षं झाली. बसून बसून कंबर गेली, एमआरआयमधे एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, व्यायाम सांगितला, तो २ महिने केला आणि मग सुटला. त्यात ऑफिसमधे टीम अर्धी झाली आणि काम तेवढंच, सकाळी ७ ला घरी येऊन पडतो तर झोपच लागत नाही, डोक्यात कॉलच चालू असतात, बायको म्हणते तू झोपेतही दात खाऊन राहिला.

मोबाइलवर सारखी सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल नावाच्या घटकाच्या तेलाची जाहिरात येते. नैसर्गिक आहे, नशा नाही, साइड इफेक्ट नाही, दुखणं आणि टेन्शन दोन्हीवर चालतं म्हणतात. ३० मिलीची बाटली, वर १००० मिलिग्रॅम लिहिलंय, अडीच हजाराच्या वर किंमत, जिभेखाली थेंब ठेवायचे. ज्यांनी खरंच घेतलंय त्यांनी सांगा फरक पडतो का. दुसरं म्हणजे हे गांजाच्याच झाडाचं आहे ना, स्टेशनवर गांजा पकडल्याच्या बातम्या आपण दर आठवड्याला वाचतो, मग हे कुरिअरने घरी येतं ते कसं काय?

आणि माझी आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत, दोन जिने चढणं म्हणजे तिला शिक्षा. हार्टचं ऑपरेशन झालंय म्हणून डॉक्टर पेनकिलर फार देत नाहीत. ती म्हणते मलेही दे दोन थेंब. तिला चालेल का?

प्रतापनगर_ताई

भाऊ, मी घेतलंय, ३ महिने, मानेसाठी. शाळेत शिकवते, वह्या तपासून तपासून मान आणि डावा खांदा धरून राहतो. पहिली चूक सांगते म्हणजे तुम्ही करू नका. मी आधी हेम्प सीड ऑईल घेऊन आले, स्वस्त होतं, बाटलीवर त्याच झाडाचं पान. महिनाभर घेतलं, काहीच नाही. मग कळलं की ते बियांचं तेल आहे, खायचं तेल, त्यात सीबीडी जवळपास नसतंच. बियांना २०२१ मधे खाद्यपदार्थ म्हणून परवानगी मिळाली तेव्हापासून ते सगळीकडे दिसतं आणि नाव वाचून माणूस फसतो.

नंतर खरं तेल मागवलं. ऑनलाइन डॉक्टरांनी व्हिडिओवर ५ मिनिटं बोलून चिठ्ठी दिली, काय काय औषधं चालू आहेत ते विचारलंसुद्धा नाही, ते मला आजही खटकतं. पहिल्या १०-१२ दिवसांत झोप बरी लागायला लागली हे खरं. मान मात्र तशीच. तोंड कोरडं पडायचं, पोट दोनदा बिघडलं, आणि एकदा संध्याकाळी थेंब घेऊन रिंग रोडवर स्कूटी काढली तर डोकं जड, सिग्नल सुटल्यावर मागून हॉर्न वाजले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून गाडी चालवायची असली की घेतलं नाही.

मानेला शेवटी फायदा झाला तो फिजिओमुळे, आणि टेबलाची उंची बदलली त्यामुळे. झोप तेलानं आली की फोन ९ ला बाजूला ठेवायला लागले त्यानं आली, मला खरंच सांगता येणार नाही, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं होतं.

औषधवाला_बर्डी

मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर आहे.

कायद्याचं आधी. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणूनच महाशिवरात्रीला भांग दिसते, तिच्यासाठी नियम राज्याराज्याचे वेगळे. ही तेलं बहुतेक ‘विजया’ (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) नावानं, पानांच्या अर्कातून, आयुर्वेदिक लायसन्सवर निघतात आणि चिठ्ठीवर द्यायची असतात. म्हणून बाटलीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, आणि बॅचचा तपासणी रिपोर्ट बघा. नसेल तर घेऊ नका. आणि लेबलवर ‘विजया अर्क १००० मिलिग्रॅम’ असेल तर ते १००० मिलिग्रॅम सीबीडी नाही, अर्कात सीबीडी किती आणि नशेचा भाग टीएचसी किती हे वेगळं लिहिलेलं पाहिजे.

लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका हे मी उगाच म्हणत नाही. २०१७ मधे अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, लेबलवरचा आकडा साधारण ३१ टक्क्यांतच बरोबर निघाला, आणि १८ मधे टीएचसी सापडलं. तुमच्या कंपनीत ड्रग टेस्ट होत असेल तर हे लक्षात ठेवा.

आता हिशोब करा. ३० मिलीत १००० म्हणजे १ मिलीत ३३, मिलीचे २० थेंब धरले तर एका थेंबात दीडेक मिलिग्रॅम. लोकांसमोर बोलायच्या भीतीवर जे प्रयोग झाले त्यात एकेका वेळी ३०० आणि ६०० मिलिग्रॅम दिलं होतं. म्हणजे त्या मापानं तुमची अख्खी बाटली जेमतेम ३ वेळांची. जाहिरात दाखला त्या प्रयोगांचा देते आणि ५ थेंब घ्यायला सांगते, याचा मला राग येतो. दुखण्याचं बोलाल तर उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१९ मधेच सांगून ठेवलं की मोठ्यांच्या जुन्या दुखण्यावर सीबीडी संशोधनाबाहेर देऊ नका. अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालेलं सीबीडीचं औषध मिरगीच्या काही दुर्मिळ आजारांसाठी आहे, आणि त्यात लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. साइड इफेक्ट नसलेल्या गोष्टीला लिव्हरची तपासणी कशाला लागली असती?

आईंचं तुम्ही शेवटी लिहिलं पण मला तेच आधी दिसलं. हार्टचं कोणतं ऑपरेशन? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? नाव टाका.

मनीषनगरचा_रहिवासी

दादा, २०१९ मधे व्हॉल्व्ह बदललाय, धातूचा. पाकिटावर वारफेरीन लिहिलंय, रोज संध्याकाळी ६ ला घेते, चुकत नाही. आणि आता खरं सांगतो, बाटली मंगळवारीच आली आहे, पोस्ट टाकायच्या आधीच ऑर्डर केली होती. मी घेतोय आणि आईला पण ३ दिवस ४-४ थेंब दिले. नैसर्गिक आहे म्हणून वाटलं काय होणार.

औषधवाला_बर्डी

आईंचे थेंब आजच बंद करा. वारफेरीन मात्र स्वतःहून बंद करू नका, धातूच्या व्हॉल्व्हवर गाठ बसली तर ते जास्त वाईट. सकाळी पहिलं काम आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) करा आणि रिपोर्ट घेऊन त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, तेलाचं लपवू नका. लिव्हरमधे जी एन्झाइम वारफेरीन मोडून काढतात त्यांनाच सीबीडी अडवतं, मग गोळी तेवढीच पण रक्तात जास्त वेळ राहते आणि आयएनआर चढतो. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी लाल, कारण नसताना निळे डाग, जोरात डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या, रात्रीचे २ वाजले असले तरी.

आणि गुडघ्यासाठी आई औषधाच्या दुकानातून परस्पर काही गोळी घेतात का तेही विचारा. आपल्याकडे आया सांगत नाहीत.

सक्करदरा_वैद्य

मी बीएएमएस, प्रॅक्टिस करते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे आयुर्वेदाच्या नावावर खपवलं जातं त्याचं मला वाईट वाटतं. भांगेला आमच्याकडे उपविष म्हणतात. वापरायच्या आधी तिचं शोधन करतात, पाण्यानं धुवायची, वाळवायची, गाईच्या तुपात परतायची. जातीफलादि चूर्णात ती असते आणि ते आम्ही अतिसार, ग्रहणी अशा पोटाच्या तक्रारींसाठी देतो, मोजून, ठराविक दिवस. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ई-१ मधे, भांग आहे आणि त्यामुळेच असल्या औषधांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं.

आणखी एक, जे चिठ्ठी देणारे सांगत नाहीत. सीबीडी रिकाम्या पोटी आणि तेलातुपाच्या जेवणासोबत सारखं उतरत नाही, भरपूर स्निग्ध जेवणानंतर रक्तातलं प्रमाण ४-५ पट होऊ शकतं. एका दिवशी काहीच वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी गुंगी येते ते यामुळेही असतं.

दादा, तुमच्या वयाला आणि दुसरं औषध चालू नसेल तर कोणी डॉक्टर समोर बसून, तपासून, थोड्या दिवसांसाठी देत असतील तर मी नाही म्हणणार नाही. पण सुटलेला व्यायाम आधी परत धरा. सक्करदऱ्याला आमचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, मेडिकलची, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे, तिथे समोरासमोर दाखवा.

मनीषनगरचा_रहिवासी

उशिरा लिहून राहिलो, माफ करा. आयएनआर ४.१ आला. डॉक्टरांनी तिला अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायला सांगितलंय. एक दिवसाची गोळी थांबवली, ४ दिवसांनी परत तपासलं तर ३.२. कशामुळे चढला ते एकाच गोष्टीवर सांगता येत नाही म्हणाले, थेंब थोडे होते, आणि या उन्हात तिचं जेवणही अर्ध्यावर आलं होतं, त्यानेही चढतो. पण तेल पुन्हा नाही, हे स्पष्ट सांगितलं.

औषधवाला दादा, तुमचा अंदाज खरा निघाला. मी विचारलं तर आधी नाही म्हणाली, मग डब्यातून डायक्लोफिनॅक या पेनकिलरची पट्टी काढून दिली. दुखलं की अर्धी घ्यायची, २ महिन्यांपासून. मला सांगितलं नाही कारण तुझंच काय कमी आहे का टेन्शन म्हणाली. ते ऐकून मी बराच वेळ जिन्यात बसून होतो.

आता तिला डॉक्टरांनी मोजून पॅरासिटामॉल दिलंय, ते जास्त दिवस चाललं तर आयएनआरची तपासणी लवकर करायची, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, ५ पर्यंत मोजायचं. सकाळी मी शिफ्टहून आलो की आम्ही दोघं एकत्र करतो, ती खुर्चीवर आणि मी खाली चटईवर. माझी बाटली अर्धी उरली आहे, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे, शनिवारी मेडिकलला कंबर दाखवायला जाईन तेव्हा सोबत नेतो आणि तिथेच विचारतो.