तिलापियाच्या विषाणूवर माशांना लस टोचता येईल का?

प्रश्न (चिकोडी तालुका)
कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या दीड एकरात मी गेल्या वर्षी तळे खोदून तिलापिया माशाची बोटुकली (बोटाएवढी पिले) सोडली. तीन आठवडे सर्व ठीक होते. मग रोज सकाळी काठाला मेलेले मासे लागू लागले, काहींचे डोळे दुधाळ होऊन बाहेर आलेले, काहींचे खवले झडून लाल चट्टे पडलेले. बीज देणाऱ्याच्या सांगण्यावरून खाद्यातून आठवडाभर अँटिबायोटिक दिले, पण मरतूक थांबली नाही, आणि शेवटी तपासणीत तिलापिया लेक विषाणू निघाला. म्हशींना दर सहा महिन्यांनी लाळ-खुरकुताची लस टोचतात, तशी माशांना टोचता येत नाही का?

उत्तर (बेळगाव)
विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे तो खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल. माशांना लस टोचता मात्र येते. नॉर्वेत सामनच्या पिलांना गुंगी देऊन एकेकाच्या पोटात सुई टोचतात. विषाणूवरील लशीही आहेत : कॅनडात 2005 साली सामनच्या एका विषाणूजन्य रोगावरील डीएनए लशीला (विषाणूच्या जनुकापासून केलेल्या लशीला) परवाना मिळाला, आणि आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने जिताड्याच्या नोडाव्हायरस या विषाणूवर लस तयार केली आहे. तिलापिया लेक विषाणूवरची लस मात्र अद्याप प्रयोगाच्या पायरीवर आहे. अडचण अशी की लस करण्यासाठी जिवाणू साध्या पोषक द्रवात वाढतो, पण विषाणूला माशाच्या जिवंत पेशीच लागतात. शिवाय फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू पुष्कळदा एकटा पुरेसा प्रभावी ठरत नाही, त्याला तेलासारख्या पूरक द्रव्याची जोड द्यावी लागते. खाद्यातून द्यावी म्हटले, तर तिलापियाचे जठर इतके आम्ल असते की लस आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच पचून जाते.

उत्तर (खानापूर, पूर्वी मत्स्यबीज केंद्रात)
वरील माहिती योग्य आहे, परंतु सुई आपल्या तळ्यावर चालणार नाही. सामनचा एक मासा हजारो रुपयांचा असतो. आपले पाच हजार बोटुकले एकेक धरून टोचायचे म्हटले तर मजुरीच माशाच्या किमतीवर जाईल. त्यातही रोग गाठतो तो तळ्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, म्हणजे लस त्याआधीच दिलेली हवी, आणि अगदी कोवळ्या पिलांची प्रतिकारशक्ती पुरती तयार झालेली नसते. म्हणून माझ्या मते लशीची खरी जागा बीज केंद्रातील मादीच्या पोटात आहे. लस दिलेल्या मादीची प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी द्रव्ये) अंड्यांत उतरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र ही उसनी शक्ती फार दिवस टिकत नाही, तेव्हा पुढे पिलांना लशीच्या पाण्यात बुडवण्याचा दुसरा टप्पा लागेल. विषाणूही मादीकडून पिलांत उतरू शकतो, हे ध्यानात ठेवून बीज घेताना जननमाशांच्या (ज्यांच्यापासून बीज धरतात त्या नर-माद्यांच्या) तपासणीचा कागद मागावा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. सहाशेच्या आसपास मासे वाचले असून चांगले वाढत आहेत. त्यांना ठेवावे काय?

उत्तर (खानापूर)
वाचलेल्यांत प्रतिकारशक्ती आलेली असते, लशीची आशा त्यावरच उभी आहे. मोठे करून विका. पण त्यांच्यात विषाणू दडलेला असू शकतो, म्हणून त्यांच्यापासून बीज धरू नका, त्यांच्यात नवी बोटुकली सोडू नका आणि तळ्याचे पाणी कृष्णेत जाऊ देऊ नका. काढणीनंतर तळे कोरडे करून चुना मारा.