बाराशे फोटो आणि कप्पा एकही नाही

गिरगावचा_जिना
काल इथे एकाने लिहिलं, "कप्पे पाडत बसणं ही कारकुनी. फोटो चांगला असेल तर अल्गोरिदम पोचवतो." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. अहो, अल्गोरिदम आजचा फोटो पोचवतो, दोन वर्षांपूर्वीचा कोण पोचवणार? इन्स्टाग्रामवर जुन्या मुंबईचं पेज, बाराशे फोटो, आणि ट्रामचा एक शोधायचा तर अंगठा झिजेस्तोवर खाली सरकायचं. वर तीन पोस्ट पिन करता येतात, त्यातल्या एकीत तुमचाच सत्कार! हायलाइट्सची, म्हणजे प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोऱ्यांच्या कप्प्यांची, नावं 'आठवणी', 'क्षण', आणि एकावर नुसता बदाम. 'ट्राम', 'गिरण्या', 'चाळी' लिहायला पैसे पडतात का?

भटक्या_दादर
तो 'एक' मीच. पोस्ट हायलाइटमध्ये घ्यायची तर आधी स्टोरीत टाका, मग तिथून उचला. बाराशे वेळा? मी ८:१२ च्या लोकलमध्ये लटकत पोस्ट टाकतो. आणि लोकांना शोधायचं नसतं हो, बघायचं असतं. रद्दीच्या दुकानात हाताला लागेल ते चाळण्यातच मजा.

पैठणीवाली
मजा तुमची, धंदा माझा. "ताई, मागच्या महिन्यातली मोरपंखी दाखवा ना," हे रोज. आधी 'कलेक्शन १', 'कलेक्शन २' अशी हायलाइट्स होती, कशात काय ते मलाच आठवेना. मग 'दोन हजारांच्या आत', 'लग्नाच्या', 'कॉटन' अशी केली. तेव्हापासून दुपारी डोळा लागतो. मात्र एका हायलाइटमध्ये शंभरच स्टोऱ्या मावतात, आणि विकलेली साडी काढायची राहिली की शिव्या. पिंटरेस्टवर बरंय, बोर्डाच्या आत सेक्शन पाडता येतात.

परळ_पूर्व
कप्प्यांचं राहू दे. याच पेजवर कॅप्शनमध्ये सगळीकडे 'एल्फिन्स्टन'. २०१८ पासून स्टेशन प्रभादेवी आहे, कळवलं नाही का कोणी?

गिरगावचा_जिना
लोक शोधताना एल्फिन्स्टनच टाइप करतात. दोन्ही नावं लिहा, विषय संपला.

परळ_पूर्व
म्हणजे व्हीटीसुद्धा? १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस नाव झालं, २०१७ ला 'महाराज' जोडलं. अजून तुमच्या तोंडी व्हीटी. मराठी पेज म्हणवता!

भटक्या_दादर
माझा बाप गिरणीत तीस वर्षं राबला, शेवटपर्यंत व्हीटीच म्हणायचा. तो मराठी नव्हता? आणि १९३० सालच्या फोटोखाली सीएसएमटी लिहू?

परळ_पूर्व
बापाला मध्ये आणू नका. नुसतं व्हीटी लिहिलंत तर माझ्या मुलीला ते कुठलं स्टेशन तेच कळणार नाही.

गिरगावचा_जिना
घ्या, म्हणजे तुम्हीही शोधण्याच्याच बाजूचे. शोधात कॅप्शनमधले शब्द धरले जातात, म्हणून दोन्ही लिहा म्हणतोय. गिरगावचं इंग्रजी स्पेलिंग लोक तीन तऱ्हांनी करतात, मी तिन्ही टाकतो.

परळ_पूर्व
कंसात टाका मग. आधी आजचं नाव.

पैठणीवाली
मी मोरपंखीचं बोलत होते. तुम्ही स्टेशनावर जाऊन बसलात.

भटक्या_दादर
बरं बाबा. रात्री जागून 'ट्राम' हायलाइट केलं, एकोणीस फोटो. सत्काराचा पिनही काढला. १९६४ ला बंद पडलेली ट्राम परत सुरू केली, आता तुम्हीच सत्कार ठेवा.

गिरगावचा_जिना
पाहिलं. चांगलंय. पण विजेची ट्राम १९०७ ची. घोड्यांची तिच्यातच कोंबलीत?

भटक्या_दादर
तुमच्या पाया पडतो.